द लायन किंग (डॉस, १९९४): दुसरी लेव्हल पार करायला मला २७ वर्षं लागली

१९९७ च्या उन्हाळ्यात सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता, वरच्या मजल्यावर, ४८६ प्रोसेसरची चार जुनी मशीन, चपला जिन्यात काढून आत जायचं कारण धूळ गेली की कॉम्प्युटर बिघडतो असं सरांचं म्हणणं. मी पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झालेले. सोमवार ते शनिवार डॉसच्या (म्हणजे विंडोजच्या आधीची, टाइप करून चालवायची सिस्टीम) कमांडी आणि बेसिक नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शिकायची आणि रविवारी सकाळी ज्याला गेम खेळायचाय त्याने अर्ध्या तासाचे दहा रुपये द्यायचे. सर घड्याळात बघून वहीत वेळ लिहायचे आणि अर्धा तास झाला की मागे येऊन उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत, नुसते उभे राहायचे, मग आपण उठायचं. तिथे प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम होता, त्याला आम्ही नुसतं प्रिन्स म्हणायचो, डेंजरस डेव्ह होता, आणि कुठून तरी कॉपी करून आणलेल्या फ्लॉप्यांवरून टाकलेला लायन किंग होता. माझ्या त्या सुट्टीतल्या दहाच्या सगळ्या नोटा त्या लायन किंगवर गेल्या.

गेमचं लिहिण्याआधी तो ज्यावरून केला त्या डिस्नेच्या सिनेमाचं सांगायला पाहिजे, नाहीतर हे एवढं मनाला का लागलं ते कळणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीच्या भाड्याने कॅसेट आणली होती. माझा आत्तेभाऊ, इचलकरंजीचा, दर मे महिन्यात आमच्याकडे असायचा, त्याला मी दादाच म्हणते. आम्हा दोघांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं पण त्या सिनेमाचं कुठे अडत नाही. सिंहांचा राजा मुफासा दरीत मरून पडलेला असतो आणि त्याचं पिल्लू सिंबा त्याच्या पंजाखाली शिरून झोपतो, तिथे दादा पाणी प्यायला म्हणून उठला आणि बराच वेळ परत आलाच नाही. आणि पुढे ओंडक्यावरून चालता चालता सिंबा एकदम आयाळवाला मोठा सिंह होतो तिथे आम्ही दोघं एवढ्यांदा ओरडलो की आजी देवघरातून बाहेर आली. ८८ मिनिटांचा सिनेमा, रात्री बघितला, सकाळी कॅसेट परत द्यायच्या आधी अजून एकदा बघितला, आणि पोट भरलं.

तर तोच सिंबा आता आपल्या बोटांनी पळणार उड्या मारणार म्हटल्यावर आमचं काय झालं असेल बघा.

आणि पहिली लेव्हल खरंच तशी आहे, आज बघितली तरी आहे. छोटा सिंबा पळताना पाठ कशी वरखाली होते, थांबला की शेपूट कशी हलते, कड्याच्या टोकाला पुढच्या पायांनी लटकतो आणि मागचे पाय हवेत मारत वर चढतो. यातली चित्रं आणि अ‍ॅनिमेशन डिस्नेच्याच कलाकारांनी काढलेली आहेत, आणि त्या काळी बाकीच्या गेममध्ये चौकोनी ठोकळे हलताना बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ते सिनेमातून उचलून ठेवल्यासारखं वाटायचं. डरकाळीचं बटण आहे, दाबलं की लहान पिल्लासारखा कोवळा आवाज काढतो, त्याने साळिंदर उलटं पडतं मग त्याच्या पोटावर उडी मारायची. क्लासच्या मशीनला साउंड कार्ड नव्हतं त्यामुळे आम्ही हा गेम मुक्यानेच खेळलो, डरकाळी आम्ही तोंडाने काढायचो. शेवटी एक तरस येतो, त्याला दमू द्यायचं, जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला की वर उडी. तिसऱ्या रविवारी मी तो तरस मारला आणि क्लासमध्ये सगळी पोरं माझ्या खुर्चीमागे जमली होती.

मग दुसरी लेव्हल. सिनेमातल्या त्या राजा व्हायची घाई झालेल्या गाण्यावर बेतलेली, रंगीबेरंगी, जिराफांच्या डोक्यांवरून उड्या, प्राण्यांच्या शेपट्यांना लटकायचं, बघायला एवढी सुंदर. आणि मध्येच माकडं. सिंबा एका माकडाजवळ गेला की ते त्याला उचलून दुसऱ्याकडे फेकतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि चुकीच्या दिशेने गेलं की परत जिथून निघालो तिथेच. करायचं काय तर ठरावीक माकडावर डरकाळी फोडायची, मग ते तोंड फिरवतं आणि फेकायची दिशा बदलते. कुठलं माकड, किती वेळा, कुठल्या क्रमाने, याची कुठेही कसलीही खूण नाही. मॅन्युअल आमच्याकडे नव्हतंच. एकाला फिरवलं की दुसरीकडचा रस्ता बंद व्हायचा. आणि शहामृगाच्या पाठीवर बसून पळायचा एक भाग आहे, शहामृग आपोआप सुसाट पळतं, आपण फक्त उडी मारायची, दुहेरी उडी मारायची किंवा खाली वाकायचं, समोरून गेंडा आला का झाडावरचं घरटं आलं ते दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. एक चुकलं की जीव गेला. चार-पाच वेळा चुकलं की गेमच संपला, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा साळिंदर, पुन्हा तरस, आणि तिथवर पोचेपर्यंत सर मागे येऊन उभे.

पूर्ण सुट्टी मी त्या लेव्हलच्या पुढे गेले नाही. दादा गेला नाही. क्लासमधलं कोणीही गेलं नाही. सगळ्यांना वाटायचं आपल्यालाच जमत नाही, आपला हात चांगला नाही, कीबोर्ड खराब आहे. दादाने तर वहीत माकडांची चित्रं काढून बाण काढले होते, एक, दोन, तीन नंबर टाकून, आणि आठवडाभर तो घरी बसून ते बाण खोडायचा आणि परत काढायचा.

मोठेपणी कळलं ते असं. हा गेम वेस्टवुड स्टुडिओज या कंपनीने केला आणि व्हर्जिन या कंपनीने बाजारात काढला. अमेरिकेत तेव्हा व्हिडिओच्या दुकानात सिनेमासारखे गेमसुद्धा भाड्याने मिळायचे, आणि कंपन्यांना भीती अशी की पोरं शनिवार-रविवार भाड्याने नेऊन गेम संपवतील आणि मग विकत कोण घेणार. वेस्टवुडचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी नंतर सांगितलंय की भाड्याच्या तेवढ्या वेळात खेळणाऱ्याने गेमच्या ठरावीक भागापलीकडे जाऊ नये अशी डिस्नेची अट होती आणि म्हणून दुसऱ्या लेव्हलमधलं माकडांचं कोडं मुद्दाम अवघड करून ठेवलं. मुद्दाम. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते आणि पाच मिनिटं मला काही सुचलं नाही. दादाच्या वहीतले बाण डोळ्यासमोर आले.

म्हणजे बघा ना, त्यांनी हिशोब धरला होता दोन-तीन दिवस गेम घरात ठेवणाऱ्या मुलांचा, आणि आम्हाला तर एका बैठकीला अर्धा तास मिळत होता. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता, सांगलीत तो विकत मिळायचा कुठे तेच कोणाला माहीत नव्हतं. जे कुलूप दुसऱ्याच कोणासाठी लावलेलं होतं त्याच्या बाहेर आम्ही उभे होतो. सिनेमा भाड्याने आणला तर एका रात्रीत पूर्ण दिला त्याने, काही राखून ठेवलं नाही, आणि त्याच सिनेमाच्या नावाने केलेल्या गेमने मुलांना दारातूनच परत पाठवायचं हे आधी ठरवून केलं, याचा मला खरंच राग आहे, आजही आहे. अवघड गेमबद्दल तक्रार नाही माझी. प्रिन्ससुद्धा अवघड होता, पण तिथे मेलो तर का मेलो ते कळायचं, पुढच्या वेळी दोन पावलं जास्त जायचो.

आता परीक्षण. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीला (वय ८, तिसरीत) दाखवायचा म्हणून मी हा गेम रीतसर विकत घेतला, दोनदा घेतला. आधी डॉसची जुनी आवृत्ती, ती २०१६ पासून जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर मिळते आणि डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आजच्या लॅपटॉपवर नीट चालते. त्यात मला अजूनही दुसरी लेव्हल जमली नाही. मग २०१९ मध्ये अलादीन आणि लायन किंग असा जो एकत्र संच निघाला तो सेलमध्ये घेतला, त्यात डॉसची आवृत्ती नाही, सेगा आणि सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरची आहे, पण त्यात रिवाइंडचं बटण आहे. चुकलं की दाबून ठेवायचं, सगळं उलटं मागे जातं, आणि सोडलं की तिथून पुढे खेळायचं. तेवढ्या एका बटणाच्या जोरावर मी सुट्टीच्या चौथ्या दिवशी रात्री साडेदहा वाजता ती माकडं पार केली, लेक मांडीवर झोपली होती, ओरडता पण आलं नाही.

पहिल्यांदाच आवाजासकट खेळले आणि संगीत फार चांगलं आहे, सिनेमातलीच गाणी त्या छोट्या चिपच्या आवाजात बसवलीत, पहिल्या लेव्हलला तर अंगावर काटा आला. चित्रांबद्दल वर लिहिलंच. पण आता नीट निवांत खेळल्यावर लक्षात येतं की याच्या सुंदरपणातच एक अडचण आहे. पार्श्वभूमी एवढी रंगवलेली आहे की उभं राहायचा दगड कुठला आणि मागच्या चित्रातला दगड कुठला हे पटकन कळत नाही. कड्याची कड डोळ्याला दिसते एका ठिकाणी आणि सिंबाचे पंजे पकडतात दुसऱ्या ठिकाणी. उडी बरोबर मारली असं वाटतं, पंजे कडेवर टेकलेले दिसतात सुद्धा, आणि तो खाली जातो. हत्तींच्या स्मशानाच्या तिसऱ्या लेव्हलला हे सगळ्यात जास्त जाणवतं, तिथे सगळीकडे हाडंच हाडं, कुठलं हाड पायाखालचं आणि कुठलं शोभेचं, वर गिधाडं झडप घालतात आणि तरस जोडीने येतात. लेकीने तिथे कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाली आई, हे मला फसवतंय. तिला मी लुई कॅसलबिसल काही सांगितलेलं नव्हतं.

चौथी लेव्हल विल्डबीस्टच्या (आफ्रिकेतली शिंगवाली मोठी जनावरं) झुंडीची, त्यात सिंबा आपल्याकडे तोंड करून पळतो आणि मागून झुंड अंगावर येते, कल्पना जबरदस्त आहे, त्या काळात असं कॅमेऱ्याच्या दिशेने पळणं फार कमी गेममध्ये असायचं. पण ज्या दगडावरून उडी मारायची तो जवळ आल्यावरच दिसतो, म्हणजे पाठ करूनच जमणार. आणि सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग इथेच आहे, बाप इथे जातो, गेममध्ये ते एका झटक्यात उरकलंय. पाचवी लेव्हल काटे आणि गडगडणाऱ्या धोंड्यांची, खेळली, विसरले.

सहावी मात्र सांगते. जंगल, धबधबा, वरून ओंडके खाली पडत असतात आणि त्या पडणाऱ्या ओंडक्यांवरून वर वर उड्या मारत जायचं, शेवटी एक गोरिला नारळ फेकतो. यातली धबधब्याची जागा भयंकर चिडवणारी आहे, मला मोजून पाऊण तास लागला रिवाइंड असून. पण गोरिलाला हरवलं आणि त्यानंतर सिंबा त्या ओंडक्यावर येतो आणि चालता चालता मोठा होतो. सिनेमात होतो तसाच. आयाळ येते.

मी तो फोटो काढून रात्रीच दादाला पाठवला, तो आता नाशिकला असतो, दोन मुलं आहेत त्याला. सकाळी सहाला त्याचा फोन. हॅलो नाही काही नाही, एकदम म्हणाला, "मोठा होतो होय गं यात?" आम्हाला दोघांनाही माहीतच नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की गेम सगळा पिल्लाचाच आहे, आणि अख्खा उत्तरार्ध, मोठा सिंबा, त्याची खरी डरकाळी, पंजाचे वार, ते सगळं त्या फ्लॉप्यांमध्ये होतं, आमच्यासमोर त्या मशीनमध्ये होतं, आणि आम्ही एकदाही बघितलं नाही. दादा बराच वेळ बोलला, माकडांचा क्रम काय होता ते विचारलं, मी सांगितला, म्हणाला मी तिसऱ्या माकडाला डरकाळी फोडायचोच नाही कारण ते पाठमोरं होतं.

दुर्दैवाने मोठ्या सिंबाचा भाग एवढी वाट बघण्यासारखा निघाला नाही. सातवीत बिबटे, आठवीत गुहा, वाफा आणि वटवाघळं, नववीत नुसत्या गुहा आणि दारं, कुठून कुठे निघतो तेच कळत नाही, एकाच गुहेत मी सहा वेळा आले. मोठा सिंबा देखणा आहे पण जड आहे, वळायला वेळ लावतो, आणि तरस घोळक्याने येतात तेव्हा बटण बडवत राहण्याशिवाय दुसरं काही करायचं नसतं. पिल्लाच्या उड्यांमध्ये जो खेळकरपणा होता तो इथे गेला. दहावी म्हणजे शेवटची लेव्हल स्कारशी, सिंबाच्या दुष्ट काकाशी, लढाई. त्याला कितीही मारा, तो मरत नाही. दमतो, उठतो, परत येतो. त्याला कड्याच्या टोकाशी आणून पंजाने उचलून खाली फेकायचं असतं, आणि ती फेकायची खास चाल आहे, जी त्याआधीच्या लेव्हल तुम्ही न वापरताही पार करू शकता, म्हणजे ती आहे हेच कळलेलं नसतं. मी अर्धा तास त्याला नुसती मारत होते. शेवटी त्या संचात एक सोय आहे की अख्खा गेम आपोआप खेळला जाताना बघता येतो आणि हवं तिथे आपण मध्ये शिरू शकतो, त्यात बघितलं तेव्हा उलगडा झाला. परत तेच माकडांसारखं, उत्तर आहे पण प्रश्नच सांगितलेला नाही.

एक गोष्ट सांगून ठेवते कारण बऱ्याच जणांचा घोळ होतो. १९९४ च्या ख्रिसमसला लायन किंगच्या ज्या सीडीवरून अमेरिकेत बोंबाबोंब झाली, मुलांनी भेट उघडली आणि कित्येक घरी ती चाललीच नाही, तो हा गेम नाही. ती विंडोजवरची चित्रगोष्ट होती, अ‍ॅनिमेटेड स्टोरीबुक, त्यातली ग्राफिक्सची व्यवस्था काही नव्या कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरशी, म्हणजे पडद्यावर चित्र आणणाऱ्या प्रोग्रॅमशी, जुळली नाही. तिचा दोष या गेमच्या माथी मारू नका, याचे स्वतःचे पुरेसे आहेत.

त्याच संचातला अलादीन खेळून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. १९९३ चा, हाही डिस्नेच्या कलाकारांनी चितारलेला, हाही व्हर्जिनचाच, पण त्यात चुकलं तर चूक आपली असते. सफरचंदं फेकायची, दोरीला लटकायचं, बाजारातून पळायचं, आणि लेकीने पहिल्या दोन लेव्हल स्वतः पार केल्या, रिवाइंड न वापरता. तिसऱ्यांदा मेली तेव्हा हसली. लायन किंगमध्ये ती एकदाही हसली नाही, पहिल्या लेव्हलचा उलटा पडणारा साळिंदर सोडून.

घ्यावा का? डॉसची आवृत्ती एकटी घेऊ नका, ज्यांनी ९० च्या दशकात खेळलाय त्यांनी सुद्धा घेऊ नका, जुनं दुखणं उकरून निघतं आणि औषध काही मिळत नाही. २०१९ चा संच सेलमध्ये असेल तर जरूर घ्या, अलादीनसाठी घ्या, आणि लायन किंग मुलांना द्यायच्या आधी रिवाइंडचं बटण कुठलं ते त्यांच्या बोटाने दाबून घ्या. चित्रं आणि संगीताला पाचपैकी साडेचार, खेळण्याला दोन. माकडांचा क्रम कोणाला हवा असेल तर विचारा, मी वहीत बाण काढून ठेवलेत.